पिंपळखरे साहेबांची ड्युटी

"पुढचा कोण?" मी विचारलं.

माझा पीए ढोमणे चिठ्ठी डोळ्यांजवळ नेत म्हणाला, "वासुदेव पिंपळखरे. रेल्वेतून रिटायर. मुलीची बदली."

हातातला चहाचा कप मी खाली ठेवला. राज्यमंत्री होऊन मला तेव्हा चार महिने झाले होते. आमच्या तालुक्याच्या विश्रामगृहात सकाळपासून लोकांची रीघ लागली होती. कुणाला विहीर हवी, कुणाला रस्ता, कुणाला नुसताच माझ्याबरोबर फोटो.

"त्याले शेवटी पाठव," मी म्हणालो. "सगळे गेले की मग."

ढोमण्याला वाटलं, ओळखीचा माणूस असेल, निवांत बोलायचं असेल. ओळखीचा तर होताच. पंचवीस वर्षं मी त्या माणसाच्या नावाने बोटं मोडत आलो होतो.

तीन तास त्याला व्हरांड्यात बसवलं. मधूनमधून पडद्याच्या फटीतून बघतही होतो. म्हातारा झाला होता. भिंगं जाड झाली होती, पण भांग तसाच, मधोमध. शेजारी सुती साडीतली एक मुलगी बसली होती आणि वर्तमानपत्राने त्याला वारा घालत होती. मला बरं वाटलं. बसू दे, म्हटलं.

शेवटी दोघं आत आले.

"नमस्कार साहेब," पिंपळखरे म्हणाला.

या एका 'साहेब' शब्दासाठी मी दोन निवडणुका हरलो होतो आणि तिसरी जिंकलो होतो. मी समोरचे अर्ज चाळत राहिलो. मग मुलगीच बोलायला लागली.

"सर, मी मंजिरी पिंपळखरे. मेळघाटात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आई मागच्या वर्षी गेली. बाबांना डाव्या डोळ्याने दिसत नाही, उजव्याचंही फार खरं नाही. घरी दुसरं कोणी नाही. निंभारीच्या आसपास कुठेही बदली मिळाली तरी चालेल."

"जन्म कधीचा तुमचा?"

"मार्च एकोणऐंशी."

"आणि बारसं कुठं झालं?"

ती गोंधळून हसली. "निंभारीलाच. बाबा तेव्हा तिथे होते."

म्हाताऱ्याने मान खाली घातली. त्याला कळलं होतं. मी मुलीला बाहेर थांबायला सांगितलं.

"मले ओळखलं?"

"उकर्डा वानखडे," तो म्हणाला. "गँग नंबर सात."

"काय काम होतं माझ्याकडे?"

"त्या दिवशी लुकआउट."

"बदलीचं पत्र आजच टाइप करून ठेवतो," मी म्हणालो. "सही मात्र एका अटीवर. तुम्ही एक ड्युटी करायची, लुकआउटची. निंभारीच्या वळणावर, जिथं माझा साळा मेला तिथं. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. बसायचं नाही, सावलीत जायचं नाही."

मला वाटलं, आता हा भडकेल. वय सांगेल, डोळे सांगेल, हातापाया पडेल. मला तेच तर हवं होतं. त्याने फक्त विचारलं, "जेवणाची सुट्टी?"

"गँगला असते. लुकआउटला नसते."

"बरोबर," तो म्हणाला. "कोणत्या दिवशी येऊ?"

लुकआउट म्हणजे काय, हे ज्याने रुळावर घाम गाळला नाही त्याला सांगावं लागतं. गँगचे बारा लोक खाली मान घालून रुळाखाली गिट्टी ठासत असतात. पहारी आणि फावड्यांच्या आवाजात गाडी ऐकू येत नाही. म्हणून एका माणसाने काम करायचं नाही, नुसतं उभं राहायचं. हातात लाल आणि हिरवं निशाण, गळ्यात शिट्टी, नजर गाडीच्या वाटेवर. गाडी दिसली की शिट्टी मारायची आणि गँग बाजूला करायची. बाराजणांचा जीव त्या एकाच्या डोळ्यांत असतो.

आणि बंगल्याची पाळी म्हणजे काय, तेही सांगायला हवं. पिंपळखरे आमचा इन्स्पेक्टर. पंचवीस किलोमीटर रूळ आणि दीडशे माणसं त्याच्या हाताखाली. कागदावर सगळी माणसं रुळावर. पण रोज एकेकाने त्याच्या बंगल्यावर जायचं, पाणी भरायचं, बाग खुरपायची, दळण आणायचं. कायद्यात हे बसत नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं, कारण रजा त्याच्या हातात होती.

आता ती गोष्ट. माझ्या प्रत्येक सभेत मी ती अशी सांगायचो: "बंधूंनो, त्या दिवशी साहेबाच्या पोरीचं बारसं होतं. बंगल्यावर माणूस पाहिजे होता. नेलं कुणाला? लुकआउटले! मले! मी तिकडे पाहुण्यायच्या उष्ट्या पत्रावळी उचलत होतो, आन् इकडे वळणावरून सुटं इंजिन आलं. शिट्टी मारणारं कुणी नव्हतं. माझा साळा पंजाब, वय वर्षं बावीस, रुळातच गेला. आन् चौकशीत साहेब काय म्हणाला? मी कुणालाच बोलावलं नव्हतं. उकर्डा वानखडे ड्युटी सोडून पळाला."

यावर सभेत बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मी बडतर्फ झालो, ते खरं. गँगमधला एकही माणूस माझ्या बाजूने बोलला नाही, तेही खरं. डायरीत त्या दिवशीचा लुकआउट म्हणून माझं नाव होतं, आणि मेट, म्हणजे गँगचा मुकादम, दौलत म्हणाला, उकर्डा कुठे गेला ते मला माहीत नाही. नोकरी गेली तेव्हा मी काढून टाकलेल्या मजुरांना गोळा केलं, मोर्चे काढले, सरपंच झालो, जिल्हा परिषदेत गेलो, आमदार झालो. लोक म्हणायचे, उकर्डाभाऊंना गरिबांचा कळवळा. कळवळा कसला? मला पिंपळखरेपेक्षा मोठी खुर्ची हवी होती.

खुर्ची मिळाली, पण रेल्वे पडली केंद्राची. राज्याचा मंत्री असून रुळाखालचा एक दगड मला हलवता येत नव्हता. म्हणून जागा निवडली ती कुंपणाच्या बाहेर, ज्याच्या शेतातून वळण दिसतं त्या ओळखीच्या माणसाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. बाजारातून दोन निशाणं शिवून घेतली. खेळाच्या दुकानातून पितळी शिट्टी आणली. आणि पार्बतेला म्हणालो, "चाल, तुले एक गोष्ट दाखवतो."

पार्बता माझी बायको, पंजाबची मोठी बहीण. आई लहानपणी गेली म्हणून तिनेच त्याला कडेवर वाढवलेलं. मी मंत्री झालो तेव्हा घरात पेढे वाटले गेले, तिने एकही तोंडात घातला नाही. म्हणाली, "तो मानूस जित्ता हाये तवर मले गोड लागत नाही."

एप्रिलचे दिवस. वऱ्हाडातला एप्रिल म्हणजे सकाळी नऊलाच जमीन तापते. आम्ही आठच्या आधी पोचलो, मोटार लिंबाखाली लावली आणि दोन खुर्च्या टाकल्या. ढोमण्याला गावात पिटाळलं. बरोबर आठला पिंपळखरे पायवाटेने आला, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून. अंगात खाकी शर्ट होता, जुना, इस्त्री केलेला.

मी निशाणं आणि शिट्टी त्याच्या हातात दिली. त्याने लाल निशाण उजव्या हातात घेतलं, हिरवं डाव्यात. शिट्टीची दोरी गळ्यात घातली आणि वळणाकडे तोंड करून उभा राहिला. नवशिक्या लुकआउट पाय फाकून उभा राहतो, थकतो. हा दर थोड्या वेळाने एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होता. मला तो बारकावाही खुपला.

पहिली गाडी आली पावणेनऊला. त्याला ती दिसली की ऐकू आली कोण जाणे, पण माझ्या आधी त्याला कळली. लांब शिट्टी मारली, हिरवं निशाण वर धरलं, गाडी पुरी निघून जाईपर्यंत खाली घेतलं नाही.

"वाजवता तं येते त्याले," पार्बता म्हणाली. "मंग तवा कायले नाही वाजवली कोनी?"

मी पाण्याची बाटली उघडली.

दहा वाजले. मंजिरी छत्री घेऊन त्याच्याजवळ गेली. मी बसल्या जागेवरून ओरडलो, "छत्री नाही! लुकआउटले छत्री नसते!"

"पाणी तरी?" ती ओरडली.

"पाणी चालते."

तिने त्याला पाणी पाजलं आणि बांधावर बसली. आमच्याकडे बघत होती ती नजर मला आवडली. अशीच नजर माझी होती, पंचवीस वर्षांपूर्वी, चौकशीच्या टेबलासमोर.

अकराच्या सुमारास मला राहवलं नाही. लांबून बघण्यात मजा येईना. मी उठून त्याच्याजवळ गेलो. मान लाल झाली होती, शर्ट पाठीला चिकटला होता.

"कसं वाटते साहेब?" मी विचारलं. "असंच वाटत होतं आम्हाले. आणि तुम्ही रुळावरून ट्रॉलीवर छत्रीखाली बसून यायचे."

"हो," तो म्हणाला. नजर वळणावरच.

"माणूस नेला तुम्ही रुळावरून. पोरीच्या बारशाले पाणी भरायले. आणि वर खोटं बोलले."

"हो. खोटं बोललो."

मग त्याने आवाज खाली आणला. त्या दिवसात पहिल्यांदा मला 'तू' म्हणाला.

"उकर्डा, विमलला तू दारात काय म्हणाला होतास, आठवतं?"

विमलबाई म्हणजे त्याची बायको.

"'आज पंजाबची पाळी होती बाई, पण मीच आलो, जिलेबी हाये म्हणे.' ती हसली होती. संध्याकाळी बातमी आली तेव्हा तिने मला सांगितलं. शेवटपर्यंत सांगत होती. जिलेबी केलीच नसती तर, म्हणायची."

सभेत न सांगितलेलं एवढंच. मी पंचवीस वर्षांत ते कुणालाही सांगितलं नव्हतं. साहेबाने 'एक माणूस पाठवा' एवढाच निरोप दिला होता. पाळी पंजाबची होती. सकाळी नाल्याजवळच्या वाटेवर मीच त्याला अडवलं. म्हटलं, तू कशाला जातो, तुझं लग्न व्हायचं आहे, तुला लोक जिलेबी घालतीलच. मी जातो, तू माझी निशाणं धर, नुसतं उभं राहायचं काम आहे. तो हसत तयार झाला. शिट्टी मी माझ्या हाताने त्याच्या गळ्यात घातली. पुढे जॅक लावून रूळ उचलताना एक माणूस कमी पडला आणि दौलत मेटने लुकआउटलाच हाक मारली, ये रे दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत इंजिन आलं. लुकआउटला कामाला लावलं हे लपवायला दौलतने पंजाबच्या गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली, तसं त्यानेच मला एकांतात सांगितलं, आणि चौकशीत सगळा ठपका माझ्यावर ठेवला. मला तोंड उघडता आलं नाही. खरं सांगितलं असतं तर पार्बतेला कळलं असतं, तिचा भाऊ माझ्या जागेवर मेला. दौलत पुढे चार वर्षांत काविळीने गेला. मला वाटलं, सुटलो.

"हे बोलून दाखवलं तर सही विसरा," मी दातओठ खात म्हणालो.

"ते माझ्या लक्षात आहे," तो म्हणाला. "बाजूला हो. गाडी येते आहे."

मी लिंबाखाली परतलो. ज्या जागेवर मी त्याला उन्हात उभं केलं होतं, तिथून तो एका वाक्यात माझं घर मोडू शकत होता, आणि माझ्या बायकोला मीच मोटारीत घालून आणलं होतं. इतका मूर्खपणा मी कुठल्या निवडणुकीतही केला नव्हता.

"काय म्हने?" पार्बतेने विचारलं.

"काही नाही. गर्मी होते म्हणे. चाल, निघू आपण. लई झालं."

"झालं कायले? पाच वाजेपरयंत सांगतलं ना तुमी? उभा राहू द्या त्याले. माहा पंजाब तं पयाले बी नाही पावला."

एक वाजला. मंजिरी तरातरा आमच्याकडे आली.

"मला बदली नको. फाडून टाका तो कागद. बाबांना बसू द्या. काय केलंय त्यांनी तुमचं?"

मी काही बोलायच्या आत पार्बता उठली. "त्यालेच इचार ना, बाई. चाल, मी बी येतो."

मला जावंच लागलं. तिघं त्याच्यासमोर उभे राहिलो. तो वळणाकडेच बघत बोलला, एखाद्या अहवालासारखं, न थांबता.

"मंजू, तुझ्या बारशाच्या दिवशी मी कामावरचा माणूस घरी बोलावला. आपल्या घरी पाणी भरायला. त्यामुळे गँगला माणूस कमी पडला आणि या बाईंचा भाऊ इंजिनाखाली गेला. बावीस वर्षांचा होता. चौकशीत मी सांगितलं, मी कुणालाच बोलावलं नाही. मला बढती मिळाली. या साहेबांची नोकरी गेली."

"माझ्या बारशाला?" मंजिरी म्हणाली.

"हो."

तिने हातातली छत्री मिटली आणि बांधावर ठेवून दिली. मग पार्बता माझ्याकडे बोट करत एक पाऊल पुढे झाली. मला तिचा आवाज ओळखू आला नाही.

"एक सांगा साहेब. बारा मानसं होते तुमच्यापाशी. त्यातून यायलेच कायले नेलं? दुसरा कोनी नेला असता, माह्या पंजाबलेच बोलावलं असतं, तं तो आज जित्ता असता. यायलेच कायले?"

त्याने पहिल्यांदा वळणावरची नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं. मी मनात त्याला शिव्या देत होतो आणि त्याच वेळी त्याचे पाय धरत होतो.

"मी नाव घेऊन बोलावलं होतं," पिंपळखरे पार्बतेला म्हणाला. "उकर्ड्यालाच पाठवा म्हणून. तो येत नव्हता. त्याचा काही इलाज नव्हता, बाई."

पार्बता खाली बसली आणि रडली. पंजाबला जाळून आलो त्या दिवसानंतर मी तिला रडताना बघितलं नव्हतं. बराच वेळ रडली. मग पदराने तोंड पुसत मला म्हणाली, "आयकलं? इतके वर्स तुमी उगंच सोताले खात होते. झोपीत बी त्याचंच नाव घेता. तुमचा काही गुन्हा नव्हता."

तिला घेऊन मंजिरी सावलीत गेली. दोघी शेजारी बसल्या. मी पिंपळखरेजवळ थांबलो.

"बसा आता," मी म्हणालो. "झाली ड्युटी."

"वाजले किती?"

"दीड."

"पाचपर्यंत आहे."

"मी सांगतो ना बसा!"

"तुम्ही कशाला उन्हात थांबता?" तो म्हणाला. पुन्हा तुम्ही. "एका गँगला लुकआउट एकच असतो. जा, सावलीत बसा."

साडेतीन तास तो उभा राहिला. एकदा गुडघे वाकले, पण त्याने निशाणाची काठी टेकून सावरलं. सहा गाड्या गेल्या, सहाही वेळा शिट्टी वाजली. मी खुर्चीत बसून ऐकली. एकेक शिट्टी कानात शिरत होती आणि उठून पळता येत नव्हतं, कारण शेजारी पार्बता होती. त्याचा सूड माझ्या सुडापेक्षा कितीतरी शिस्तीचा निघाला.

पाचला त्याने निशाणं गुंडाळली आणि मला परत दिली. मी मोटारीच्या टपावर कागद ठेवून सही केली. मंजिरीने कागद घेतला नाही. बापाकडेही तिने बघितलं नाही. फक्त खांदा पुढे केला, त्याने त्यावर हात ठेवला आणि दोघं आले त्या वाटेने गेले. चार दिवसांनी ती मेळघाटात परत गेली. सही केलेलं ते पत्र माझ्या टेबलाच्या खणात राहिलं. म्हातारा निंभारीला एकटाच राहिला.

तीन वर्षांनी तो गेल्याची बातमी आली तेव्हा मी मंत्री नव्हतो, आमदारही नव्हतो.

"चला, जाऊन येऊ," पार्बता म्हणाली. "कबूल तं केलं त्या मानसानं. तेवढं तरी कोन करते?"

"तू जा," मी म्हणालो. "माझा राग अजून गेला नाही."

ते अगदी खरं होतं. त्याने मला वाचवलं, याचा राग. मला उघडं पाडलं असतं तर एकदाच काय ते झालं असतं.

ती एकटीच गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा हातात कागदाची पुडी होती.

"पोरगी भेटली. लई रडत होती. म्हने, बाबायले एकटं ठेवलं मी. ही त्याच्या उशाखाली होती म्हने. तुमाले परत द्याची रायली."

पुडीत पितळी शिट्टी होती. निशाणं परत केली होती त्याने, शिट्टी राहून गेली होती, आणि मीही मागितली नव्हती.

"फेकून दे," मी म्हणालो.

"फेकू कायले?" पार्बता म्हणाली. स्टुलावर चढून तिने ती पंजाबच्या फोटोला घातली. दोरी बरोबर त्याच्या गळ्याशी आली. मग खाली उतरून, लांबून बघत म्हणाली, "त्याच्यापाशी तवा ही असती, तं वाचला असता."

मी हो म्हणालो. शिट्टी अजून तिथेच आहे. पार्बता मला जेवायला वाढते तेव्हा फोटो बरोबर माझ्या समोर असतो.